आधी पैसे की आधी माल

दुकानाच्या गल्ल्यावर होणाऱ्या व्यवहारात एक गोष्ट इतकी सहज घडते की तिच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. पैसे दिले जातात आणि त्याच क्षणी वस्तू हातात येते. गिऱ्हाइकाने वस्तू उलटसुलट करून पाहिलेली असते, दुकानदाराने नोटा मोजून घेतलेल्या असतात, आणि कोणाच्या मनासारखे झाले नाही तर व्यवहार तिथल्या तिथे मोडता येतो. ऑनलाइन खरेदीत या एका क्षणाचे दोन तुकडे होतात. पैसे एका दिवशी जातात, वस्तू चार-आठ दिवसांनी येते, आणि मधल्या काळात दोघांपैकी कोणा एकाला दुसऱ्याच्या भरवशावर राहावे लागते. आधी पैसे द्यायचे की आधी माल पाठवायचा, हा प्रश्न ऑनलाइन खरेदीतील सगळ्या अविश्वासाच्या मुळाशी आहे.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या प्रश्नाची अनेक उत्तरे शोधली गेली. माल दारात आल्यावर रोख पैसे देणे, मधल्या कंपनीने पैसे धरून ठेवणे, ग्राहकांनी तारे आणि अभिप्राय देणे, ठरावीक दिवसांत वस्तू परत करण्याची मुभा असणे, ही सगळी त्यातलीच उत्तरे होत. यांपैकी एकानेही फसवणुकीची जोखीम संपवलेली नाही. प्रत्येकाने ती एकाच्या अंगावरून काढून दुसऱ्याच्या अंगावर टाकली आहे, आणि जोखीम ज्याच्या अंगावरून उतरते त्याला लबाडी करणे थोडे सोपे होते. हे लक्षात घेतले की ग्राहक विक्रेत्यांना आणि विक्रेते ग्राहकांना एकाच वेळी लबाड का म्हणतात, याचा उलगडा होऊ लागतो. दोघांच्या तक्रारी बहुतेक वेळा खऱ्या असतात. त्या व्यवहाराच्या वेगवेगळ्या टप्प्यांवरच्या असतात, एवढेच.

या विषयाचा शास्त्रीय पाया अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये घातला, आणि पुढे २००१ मध्ये त्यांना मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिगलिट्झ यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी उदाहरण घेतले होते जुन्या मोटारगाड्यांचे. आपली गाडी चांगली आहे की खटारा, हे विकणाऱ्याला ठाऊक असते. घेणाऱ्याला ठाऊक नसते. त्यामुळे घेणारा चांगल्या गाडीची पूर्ण किंमत द्यायला तयार होत नाही, तो चांगली आणि वाईट यांच्या मधली काहीतरी किंमत देऊ करतो. ही मधली किंमत चांगल्या गाडीच्या मालकाला परवडत नाही, म्हणून तो बाजारातून बाहेर पडतो. चांगल्या गाड्या कमी झाल्या की घेणाऱ्याचा संशय वाढतो, तो आणखी कमी किंमत बोलतो, आणि मग बऱ्यापैकी गाडीचा मालकही निघून जातो. अ‍ॅकरलॉफ यांच्या विवेचनातला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग असा की लबाडीचे नुकसान फसलेल्या माणसापुरते राहत नाही. ज्याने कोणालाही फसवले नाही, त्या प्रामाणिक विक्रेत्याला ते सर्वांत जास्त भोगावे लागते, कारण आपण प्रामाणिक आहोत हे सिद्ध करण्याचे साधन त्याच्यापाशी नसते.

सगळ्याच वस्तूंच्या बाबतीत ही अडचण सारखी नसते. अर्थशास्त्रात वस्तूंचे तीन प्रकार मानतात. काही वस्तूंचा दर्जा घेण्यापूर्वीच कळतो. ठरावीक प्रकाशनाचे पाठ्यपुस्तक किंवा ठरावीक क्रमांकाची शाई मागवताना फारसा धोका नसतो. काही वस्तूंचा दर्जा वापरल्यावर कळतो, आणि तोही कधी कधी उशिरा. बनावट मेमरी कार्डाचे उदाहरण पाहावे. त्यातली चिप आपली क्षमता खोटी सांगते, संगणकावर ५१२ जीबी असे दिसतेही, पण खरी साठवण संपल्यानंतर पुढच्या फाइली खराब होत जातात. ग्राहकाच्या हे लक्षात येईपर्यंत वस्तू परत करण्याची मुदत उलटून गेलेली असते आणि पहिल्या आठवड्यात त्याने चांगला अभिप्रायही लिहून टाकलेला असतो.

तिसऱ्या प्रकारातल्या वस्तू सर्वांत अवघड, कारण त्यांचा खरेपणा सामान्य ग्राहकाला वापरल्यानंतरही ओळखता येत नाही. महाराष्ट्रातल्या दोन वस्तूंकडे पाहिले की हे चटकन समजते. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतल्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले; पण परराज्यातून आलेला, दिसायला तसाच आंबा 'देवगड' किंवा 'रत्नागिरी' असे छापलेल्या खोक्यातून घरी आला, तर शहरातल्या बहुतेक कुटुंबांना फरक सांगता येत नाही. पैठणीचेही तेच आहे. येवल्याच्या हातमागावर अनेक आठवडे बसून विणलेली साडी आणि यंत्रमागावर झटपट निघालेली साडी यांचे मोबाइलवरचे फोटो शेजारी ठेवले, तर जाणकाराचीही पंचाईत होते. पदराची मागची बाजू पाहणे, जरीचा धागा हातात घेऊन पाहणे, या परीक्षा पडद्यावर होत नाहीत. शिवाय खऱ्या विणकराचे फोटो उचलून आपल्या पानावर लावणारा विक्रेता त्याच्या निम्म्या किमतीत 'अस्सल पैठणी' देऊ करतो, तेव्हा विणकराची खरी किंमत ग्राहकाला लूट वाटू लागते. अ‍ॅकरलॉफ यांनी मांडलेली घसरण ती हीच.

अशा वस्तूंसाठी बाहेरच्या कोणीतरी दिलेली खूण उपयोगी पडते. रेशमासाठी केंद्रीय रेशीम मंडळाचा सिल्क मार्क आहे, हातमागासाठी हँडलूम मार्क आहे, हापूसच्या काही नोंदणीकृत बागायतदारांनी पेट्यांवर क्यूआर कोड लावायला सुरुवात केली आहे. मात्र खूण फोटोत दिसणे आणि हातात आलेल्या वस्तूवर असणे यांत अंतर असते, म्हणून ती पार्सल उघडल्यावर तपासावी लागते.

आता मूळ प्रश्नाच्या पहिल्या उत्तराकडे वळू. भारतात ऑनलाइन खरेदी सुरू झाली तेव्हा क्रेडिट कार्ड फार थोड्यांकडे होते, आणि ज्यांच्याकडे होते त्यांनाही न पाहिलेल्या दुकानाला आगाऊ पैसे देणे पटत नव्हते. फ्लिपकार्टने २०१० मध्ये माल हातात आल्यावर रोख पैसे घेण्याची पद्धत आणली आणि ती पाहता पाहता सगळीकडे पसरली. 'सीओडी' हा शब्द आज खेड्यापाड्यांतही समजतो. या पद्धतीने ग्राहकाची जोखीम जवळपास काढून टाकली आणि ती उचलून विक्रेत्याच्या डोक्यावर ठेवली, कारण आता आधी माल पाठवणारा तो झाला.

इचलकरंजीतल्या एखाद्या लहान विक्रेत्याच्या बाजूने हा हिशेब मांडून पाहावा. त्याने सहाशे रुपयांचा कुर्ता सीओडीने पाठवला. पार्सल ग्राहकाच्या दारात गेले आणि ग्राहकाने ते घेतले नाही. विक्रेत्यांच्या बोलीत हे पार्सल 'आरटीओ' झाले, म्हणजे जिथून निघाले तिथे परत आले. जाण्याचा खर्च त्याच्यावर, बहुतेक कुरिअर करारांत परतीचा खर्चही त्याच्यावर, आणि त्या पंधरा-वीस दिवसांत तो कुर्ता दुसऱ्या कोणाला विकताही आला नाही. परत येताना पाकीट फाटले असेल तर तो नवा म्हणून विकणेही अवघड. ग्राहकाला मात्र या सगळ्याची एक रुपयाचीही झळ बसली नाही. काही जण दोन मापांचे कपडे मागवून एक घेतात आणि दुसरा दारातूनच परत करतात. काहींना मागवल्याचे स्मरणही राहत नाही. काही जण निव्वळ चाळा म्हणून मागवतात. त्याच वेळी, न घेतलेल्या प्रत्येक पार्सलामागे ग्राहकाची लबाडी असते, असेही नाही. घरी त्या वेळी रोख नसणे, पत्ता अपुरा असणे, पार्सल फारच उशिरा येणे अशी साधी कारणे अनेकदा असतात. कधी कधी तर पोचवणारा दारापर्यंत गेलेलाच नसतो आणि 'ग्राहक उपलब्ध नाही' अशी नोंद करून मोकळा होतो.

विक्रेते यावर जे उपाय करतात त्यांतला एक मला विशेष अन्यायाचा वाटतो. मागणी पक्की करण्यासाठी फोन करणे, थोडी रक्कम आधी घेणे, सीओडीवर वेगळे शुल्क लावणे हे समजण्यासारखे आहे. पण ज्या पिनकोडवरून पार्सले जास्त परत येतात त्या पिनकोडला सीओडीच बंद करण्याची सर्रास पद्धत आहे. अशा वेळी एखाद्या दुर्गम तालुक्यातल्या, ज्याने आजवर एकही पार्सल नाकारले नाही अशा ग्राहकाला, शेजाऱ्यांच्या वागण्यामुळे किंवा त्या भागातल्या कुरिअर शाखेच्या हलगर्जीपणामुळे ही सोय नाकारली जाते. त्याला याचे कारणही कळत नाही. परत आलेल्या पार्सलांचा खर्च अखेर वस्तूच्या किमतीत मिळवला जातो तो वेगळाच, आणि तोही मुकाट्याने पार्सल घेऊन पैसे देणाऱ्यांकडूनच वसूल होतो.

दुसरे उत्तर म्हणजे पैसे मध्यस्थाकडे ठेवणे. चीनमध्ये २००३ साली सुरू झालेल्या ताओबाओ या बाजारपेठेला सुरुवातीला हीच अडचण भेडसावत होती. ग्राहक आधी पैसे देईनात आणि विक्रेते आधी माल पाठवीनात. पुढे ज्याचे अवाढव्य वित्तसेवेत रूपांतर झाले ते अलीपे मुळात यावरचा उपाय म्हणून आले. ग्राहकाचे पैसे अलीपेकडे जमा होत, विक्रेत्याला पैसे आल्याची खात्री मिळे, तो माल पाठवी, आणि ग्राहकाने माल मिळाल्याचे कळवल्यावर पैसे विक्रेत्याकडे जात. भारतातल्या मोठ्या बाजारपेठाही थोड्याफार फरकाने हेच करतात. ग्राहकाने आगाऊ पैसे भरले तरी विक्रेत्याच्या खात्यात ते काही दिवसांनी, कंपनीचे कमिशन आणि इतर शुल्के वजा होऊन पोचतात. ही पद्धत सीओडीपेक्षा समतोल आहे यात शंका नाही. पण तिने एक नवी सत्ता निर्माण केली. वाद झाला की पैसे कोणाला द्यायचे हे ठरवणारा मध्यस्थ स्वतः त्या व्यवहारातून कमाई करणारा असतो.

या सत्तेचा कस लागतो तो वस्तू परत करण्याच्या टप्प्यावर, आणि ऑनलाइन व्यवहारातली सर्वांत कटू भांडणेही तिथेच होतात. वस्तू परत घेण्याची हमी ही ग्राहकासाठी खरोखर मोठी सोय आहे. कपडा अंगाला लावून पाहता येत नाही, बुटाचे माप प्रत्येक कंपनीचे निराळे असते, तेव्हा परतीची मुभा नसेल तर या वस्तू कोणी मागवणारच नाही. याच सोयीच्या आडून होणाऱ्या लबाड्याही आता सर्वांच्या परिचयाच्या झाल्या आहेत. लग्नाला साडी नेसून चौथ्या दिवशी 'रंग आवडला नाही' म्हणून परत पाठवणे, नव्या ट्रिमरच्या खोक्यात आपला जुना बिघडलेला ट्रिमर भरणे, तीन नगांच्या संचातला एक काढून घेणे, असे प्रकार कोणत्याही विक्रेत्याला विचारले तर तो सांगेल. उलट दिशेने, मोबाइलच्या खोक्यात साबणाची वडी मिळालेले ग्राहकही आहेत आणि त्यांचे म्हणणे कोणी ऐकून घेत नाही.

साबणाची वडी मिळालेला खरा ग्राहक आणि वडी मिळाल्याचा कांगावा करणारा खोटा ग्राहक, या दोघांची तक्रार शब्दशः सारखीच असते. तसेच जुना ट्रिमर परत आल्याचे सांगणारा खरा विक्रेता आणि ग्राहकाचे पैसे बुडवण्यासाठी तेच सांगणारा खोटा विक्रेता यांच्यातही कागदावर काही फरक दिसत नाही. शिवाय गोदाम, वाहतूक, वर्गवारी केंद्र, स्थानिक शाखा आणि पोचवणारा अशा पाच-सहा हातांतून पार्सल जाते, म्हणून दोघेही खरे बोलत असतील आणि चोरी वाटेत तिसऱ्यानेच केली असेल, ही शक्यताही असतेच. पुराव्याशिवाय यांत निवाडा करता येत नाही. त्यामुळे मध्यस्थ कंपनी निवाडा न करता अंदाजावर चालते: या ग्राहकाने पूर्वी किती वस्तू परत केल्या, या विक्रेत्याविरुद्ध किती तक्रारी आल्या, रक्कम किती मोठी आहे, यांवर निर्णय ठरतो.

विक्रेते म्हणूनच वजनकाट्यावर ठेवून, पावती चिकटवून, पार्सल बंद करतानाचे चित्रीकरण करू लागले आणि परत आलेले पार्सल उघडतानाचेही करू लागले. ग्राहकानेही महागडी वस्तू उघडताना हेच करावे. पाकीट बंद असल्यापासून, पत्त्याची चिठ्ठी दाखवत, मध्ये न थांबता केलेले चित्रीकरण हा आज ग्राहकाच्या हातातला सर्वांत भक्कम पुरावा आहे. याहून बरी सोय म्हणजे पोचवणाऱ्यासमोरच पार्सल उघडून पाहणे आणि सर्व ठीक असेल तरच ओटीपी सांगणे. काही बाजारपेठा मोबाइलसारख्या वस्तूंसाठी ही सोय देतात. गल्ल्यावरचा तो एकच क्षण, ज्यात दोघेही एकमेकांसमोर असतात, या पद्धतीत बऱ्याच अंशी परत मिळतो. ओटीपी आधी सांगितला की मात्र 'माल नीट मिळाला' अशी नोंद होते आणि पुढचे सगळे भांडण ग्राहकाला उताराऐवजी चढावर लढावे लागते.

तिसरे उत्तर आहे नावलौकिकाचे. अमेरिकेत १९९५ मध्ये सुरू झालेल्या ईबे या लिलावाच्या संकेतस्थळाने पुढच्याच वर्षी खरेदीदार आणि विक्रेते यांना एकमेकांविषयी अभिप्राय नोंदवण्याची सोय दिली. अनोळखी माणसे एकमेकांना पैसे कसे पाठवतील, या शंकेला हे उत्तर होते, आणि ते पुष्कळसे चाललेही. पॉल रेझनिक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, जुन्या पोस्टकार्डांच्या एका अनुभवी विक्रेत्याने सारखाच माल आपल्या जुन्या नावाने आणि काही नव्याकोऱ्या नावांनी विकला. जुन्या नावाला सुमारे ८.१ टक्के जास्त किंमत मिळाली. चांगल्या नावाला बाजारात खरोखर किंमत असते, हे त्यातून आकड्यात दिसले.

पण त्याच रेझनिक यांनी रिचर्ड झेकहाउझर यांच्याबरोबर ईबेवरील व्यवहार तपासले, तेव्हा खरेदीदारांनी दिलेल्या अभिप्रायांपैकी ९९.१ टक्के अनुकूल असल्याचे आढळले. एवढे समाधान कोणत्याही बाजारात नसते. त्याचे एक कारण भीती हे होते. ग्राहकाने वाईट लिहिले की विक्रेता उलट त्याच्याविषयी वाईट लिहीत असे, म्हणून नाराज ग्राहक गप्प बसत. शेवटी २००८ मध्ये ईबेने विक्रेत्यांना ग्राहकाविषयी प्रतिकूल अभिप्राय देण्यास बंदी केली. ग्राहक निर्भय झाले, पण आता 'पैसे परत करा, नाहीतर एक तारा देतो' अशी धमकी देणारा ग्राहक विक्रेत्याला भेटू लागला, आणि त्या ग्राहकाविषयी इतर विक्रेत्यांना सावध करण्याचा मार्ग राहिला नाही. जोखीम पुन्हा एकदा सरकली.

ताऱ्यांना किंमत आली की तारे विकतही मिळू लागतात. याची एक रूढ रीत अशी: समाजमाध्यमांवरच्या गटांतून माणसे गाठायची, त्यांना वस्तू रीतसर विकत घ्यायला लावायची, पाच ताऱ्यांचा अभिप्राय प्रसिद्ध झाला की वस्तूची पूर्ण किंमत त्यांना परत करायची. खरेदी खरी झालेली असल्याने अभिप्रायावर 'प्रमाणित खरेदी' अशी खूणही उमटते. अमेरिकेतील संशोधक शेरी हे, ब्रेट हॉलनबेक आणि डेविडे प्रोसेर्पिओ यांनी अ‍ॅमेझॉनवरच्या वस्तूंसाठी चालणाऱ्या अशा गटांचा माग काढून २०२२ मध्ये दाखवून दिले की खोटे अभिप्राय सुरू असताना वस्तूचे तारे आणि विक्री दोन्ही वाढतात, आणि ते थांबले की खऱ्या ग्राहकांच्या एकेका ताऱ्याच्या अभिप्रायांची रीघ लागते. कंपनी खोटे अभिप्राय काढून टाकते, पण बऱ्याच उशिराने. तोवर माल खपलेला असतो. दुसरी रीत म्हणजे जुन्या, चांगल्या वस्तूच्या पानावर नवी वस्तू चढवून तिचे अभिप्राय वापरणे. म्हणून चार्जरच्या पानावर मोबाइलच्या कव्हरविषयीचे अभिप्राय दिसले तर तिथून निघावे हे बरे.

अभिप्राय निरुपयोगी आहेत, असा याचा अर्थ मी काढत नाही. ते कसे वाचावेत याची रीत बदलायला हवी. सरासरी तारे सर्वांत कमी सांगतात. अलीकडच्या तारखांचे, दोन ते चार ताऱ्यांचे, ग्राहकाने स्वतः काढलेल्या फोटोंसह आलेले आणि वापरून काही महिने झाल्यावर लिहिलेले अभिप्राय जास्त सांगतात, कारण असे अभिप्राय विकत घेण्यात कोणाला रस नसतो. एकाच आठवड्यात डझनभर पाच तारे आणि सगळ्यांची भाषा एकसारखी, हे लक्षण वाईट.

कायद्याने या सगळ्यात काय केले आहे? ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्याच महिन्यात ई-वाणिज्याचे स्वतंत्र नियमही आले. या नियमांनी बाजारपेठ चालवणारी कंपनी आणि स्वतःचा माल विकणारी कंपनी यांत भेद केला आहे. परकीय गुंतवणूक असलेल्या मोठ्या कंपन्या भारतात पहिल्या प्रकारच्या आहेत, म्हणजे पान त्यांचे असले तरी विक्रेता दुसराच असतो, आणि त्याचे नाव किमतीच्या आसपास बारीक अक्षरांत लिहिलेले असते. ते नाव वाचण्याची सवय लावून घेणे फार हिताचे आहे. विक्रेत्याच्या व्यवसायाचे नाव, पत्ता आणि संपर्क क्रमांक दाखवणे बाजारपेठेवर बंधनकारक आहे. सदोष, बनावट किंवा जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसलेली वस्तू परत घेण्यास विक्रेता नकार देऊ शकत नाही, मग पानावर 'परत घेतले जाणार नाही' असे लिहिलेले असो. ग्राहक असल्याचे भासवून स्वतःच्या मालाविषयी अभिप्राय लिहिण्यास बंदी आहे. तक्रार निवारण अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी आणि एका महिन्यात ती निकाली काढावी, असेही नियम सांगतात.

'आम्ही फक्त मध्यस्थ' हा बाजारपेठांचा नेहमीचा बचाव सगळीकडे टिकत नाही. भारतीय मानक ब्यूरोची (बीआयएस) खूण नसलेले प्रेशर कुकर विकू दिल्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये अ‍ॅमेझॉन आणि फ्लिपकार्ट यांना प्रत्येकी १ लाख रुपयांचा दंड केला, आणि ज्यांनी ते कुकर घेतले त्यांना कळवून पैसे परत करण्याचा आदेश दिला. विक्रीतून शुल्क घेतले असताना जबाबदारी झटकता येणार नाही, हा त्यामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो. दंडाची रक्कम मात्र या कंपन्यांच्या मानाने क्षुल्लकच आहे. त्याच वर्षी भारतीय मानक ब्यूरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी मानक जाहीर केले, पण ते ऐच्छिक ठेवले. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहकाला चकवणाऱ्या तेरा प्रकारच्या मांडणींना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे आली. 'फक्त दोनच नग शिल्लक' अशी खोटी घाई करणे, न विचारता टोपलीत देणगी किंवा विमा टाकणे, शेवटच्या पायरीवर नवनवी शुल्के उघड करणे, हे सगळे त्यांत येते.

या साऱ्या व्यवस्थेच्या बाहेर एक मोठा बाजार आहे आणि मराठी घरांत तो वेगाने वाढतो आहे: इन्स्टाग्रामवरच्या साड्या, व्हॉट्सअ‍ॅपवरचे दिवाळीचे फराळ, फेसबुकवरच्या थेट विक्रीतले दागिने. यांतल्या असंख्य विक्रेत्या घरून कष्टाने धंदा करणाऱ्या आणि सचोटीच्या आहेत. पण इथे यूपीआयने पैसे आधी जातात, आणि ते अडवून धरणारा कोणीही मध्यस्थ नसतो. ग्राहकाने स्वतः पिन टाकून पाठवलेले पैसे बँकेच्या लेखी रीतसर दिलेले असतात, त्यामुळे अनधिकृत व्यवहारांसाठीचे रिझर्व्ह बँकेचे संरक्षण इथे सहसा लागू होत नाही. नव्या विक्रेतीकडून पहिली खरेदी लहान रकमेची करणे, तिच्याशी प्रत्यक्ष फोनवर बोलणे, बिल मागणे, एवढे तरी करावे. फसवणूक झाल्याचे कळताच सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठीच्या १९३० या सरकारी क्रमांकावर तत्काळ फोन करावा, कारण पैसे पुढच्या खात्यांत फिरण्यापूर्वी गोठवता आले तरच ते मिळण्याची आशा असते. पैसे मिळण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, हे जुन्या वस्तू विकणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावे. खरेदीदार असल्याचे भासवून क्यूआर कोड पाठवणारे भामटे त्यांनाच गाठतात.

बाजारपेठेत झालेल्या फसवणुकीसाठी पहिली पायरी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार, दुसरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक, आणि तिसरी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करण्याचा हक्क दिला, कंपनीचे कार्यालय कोठेही असो. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही, वकील लावण्याची सक्ती नाही, तक्रार ऑनलाइन दाखल करता येते आणि मुदत दोन वर्षांची आहे. गडचिरोलीच्या ग्राहकाला बंगळूरुच्या कंपनीविरुद्ध गडचिरोलीत दाद मागता येते, हा बदल जितका लोकांपर्यंत पोचायला हवा होता तितका पोचलेला नाही.

लहान विक्रेत्यासाठी मात्र असे दार कोणी उघडलेले नाही. खोट्या परतीमुळे पैसे कापले गेले, तर तो कंपनीच्याच संगणकीय खिडकीत दावा टाकतो. पुष्कळदा दोन ओळींचा छापील नकार येतो आणि त्याने जोडलेले चित्रीकरण कोणी पाहिले की नाही हे त्याला समजत नाही. त्यापुढे जायचे तर करारात लिहिलेल्या शहरातल्या लवादाकडे किंवा न्यायालयात जावे लागते, आणि सहाशे रुपयांच्या कुर्त्यासाठी ते कोणी करत नाही. परतीच्या प्रत्येक वादात कोणता पुरावा पाहिला आणि कोणत्या कारणाने निर्णय दिला, हे ग्राहक आणि विक्रेता दोघांनाही लेखी कळवण्याचे बंधन ई-वाणिज्याच्या नियमांत घातले, तर दोघांनाही पुढची दाद मागण्यासाठी हातात काहीतरी मिळेल. पार्सल कोणत्या दिवशी किती वजनाचे निघाले, कोणत्या शाखेत किती तास पडून राहिले आणि किती वजनाचे परत आले, या नोंदी कंपन्यांकडे पुष्कळदा असतातच. त्या आज वाद घालणाऱ्या दोघांपैकी एकालाही दाखवल्या जात नाहीत.